दोन उजवे गाल

"माझा फोटो चांगला येत नाही हो."

स्टुडिओचा दरवाजा ढकलून आत आलेलं माणूस पहिलं वाक्य हेच बोलायचं. बाई असो, बाप्या असो, नुकतंच मिसरूड फुटलेलं पोरगं असो की रिटायरमेंटच्या फॉर्मसाठी आलेले साहेब असोत. कोपरखैरण्यात मी एकोणीस वर्षं फोटो काढले, त्यात फक्त एक गृहस्थ असे भेटले की ज्यांनी खुर्चीत टेकता टेकता सांगितलं, "माझा कसाही काढा, मस्तच येतो." त्यांनी तिन्ही वेळा डोळे मिटले. चौथ्या वेळी शिंकले.

मी मूळची गिरगावातली. तिथल्या एका जुन्या स्टुडिओत मी लग्नाआधी सहा वर्षं रिटचिंग केलं. कॅमेऱ्याला हात लावायची सोय नव्हती. पुरुषांनी फोटो काढायचे आणि आम्ही दोघी-तिघी मुलींनी उजेडाच्या टेबलाशी बसून चेहरे साफ करायचे, अशी वाटणी होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही कोपरखैरण्यात राहायला आलो. आमचे हे ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत होते. आमचं रो-हाउस तळमजल्याचं, पुढची खोली रिकामी. मी म्हटलं, इथे स्टुडिओ टाकते. हे म्हणाले, "इथे? इथे माणसं कुठायत?" खरंच नव्हती. समोर खाडीपर्यंत मोकळं रान, दुपारी कुत्रंही फिरकायचं नाही. पण नव्या वस्तीत येणाऱ्या माणसाला रेशनकार्डाला फोटो लागतो, शाळेला लागतो, नोकरीला लागतो. सहा महिन्यांत रांग लागली.

पासपोर्ट फोटोसाठी खुंटीवर एक काळा कोट असायचा. पाठीमागून उसवलेला, म्हणजे जाड्या माणसालाही व्हायचा, आणि बारक्याला मी मागून कपड्यांचे चिमटे लावायची. आमच्या सेक्टरमधल्या निम्म्या पोरांनी पहिल्या नोकरीचा अर्ज त्याच कोटात केलाय. ऐरोलीच्या कंपन्यांत ती आज मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत, भेटली की मी आधी त्यांच्या पाठीकडे बघते.

दुसरं मोठं गिऱ्हाईक म्हणजे 'दाखवायचे' फोटो. लग्नाच्या मुलीचा एक उभा, एक बसलेला. आई सोबत, आणि आईचं एकच म्हणणं, "जरा उजळ करा." मुलगी बिचारी पावडरीने आधीच पांढरीफटक. मी सांगायची, हनुवटी खाली, मान किंचित वळव, कॅमेऱ्याकडे बघू नकोस, माझ्या कानाकडे बघ. असं केलं की नजर ताणत नाही, चेहरा आपोआप सैल पडतो. एवढी साधी गोष्ट, पण लोकांना जादू वाटायची.

मी बाई असल्यामुळे बायका मोकळेपणाने यायच्या. बोनकोड्याच्या एक आगरी काकी लेकाच्या लग्नात घातलेले सगळे दागिने अंगावर चढवून आल्या. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "गो बाय, माजा तोंड कसा पन येव दे. पन गल्यान हाय तो सगला दिसला पायजे." मी दिवा खाली घेतला, सोनं असं झळकवलं की बघत राहावं. फोटो हातात घेऊन काकींनी एकेक दागिना बोट लावून मोजला. मग बोट वर सरकलं. "सोना बरा आयलाय," म्हणाल्या. "पन ही म्हातारी कोन?" मी हसून हसून बेजार. नंतर लक्षात आलं, त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांच्या घरी हातभर सोडा, तळहाताएवढाच आरसा होता.

आता रिटचिंग म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं. चेहऱ्यावरची सुरकुती आपल्याला काळी दिसते, ती निगेटिव्हमध्ये पांढरी रेघ असते. सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने त्या रेघेत बारीक बारीक टिंबं भरत गेलं की छापताना सुरकुती गायब. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, मुरुमं, सगळं असंच जायचं. रंगीत फोटो लॅबला पाठवावे लागायचे, पण ब्लॅक अँड व्हाइट मी स्वतः धुवायची, स्वतः छापायची. ट्रेमधल्या औषधाच्या पाण्यात कोरा कागद टाकला की आधी डोळ्यांच्या जागी दोन सावल्या येतात, मग केस, मग हळूहळू तोंड. हजारो वेळा बघितलं असेल मी ते. दर वेळी श्वास रोखून बघायची, आजही आठवलं तरी अंगावर काटा येतो.

आणि एक काम होतं, गेलेल्या माणसांचं. घरातलं कोणी गेलं की भिंतीवर लावायला फोटो नसतो. मग कुठल्या तरी लग्नाच्या ग्रुपमधला, मागच्या रांगेतला, अर्धा चेहरा झाकलेला फोटो घेऊन लोक यायचे. मी तो मोठा करायची, डोळे भरायची, शेजारच्याचा खांदा पुसायची. त्या फोटोंचं एक वैशिष्ट्य असतं. कितीही चांगलं काम केलं तरी चेहरा गुळगुळीत होतो. जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर असतं ते काहीतरी त्यात नसतं. ते काय, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

जुबेदा आली ती दुपारी, स्टुडिओत चिटपाखरू नाही अशा वेळी. वाशीला त्यांनी नवा फ्लॅट घेतला होता, मूळ गाव उरणच्या बाजूला. नवरा इक्बाल मस्कतला. दोन वर्षांचं काँट्रॅक्ट, त्यातलं सव्वा वर्ष झालेलं. डोक्यावरून घेतलेली ओढणी तिने डाव्या गालावर हाताने धरून ठेवली होती.

"ताई, दार लावता जरा?"

मी कडी घातली. तिने ओढणी सोडली. तोंडावरून वारं गेलं होतं. डावी बाजू सगळी ढिली, ओठाचा कोपरा खाली उतरलेला, डावा डोळा मिटत नव्हता आणि त्यातून पाणी येत होतं. वय असेल अठ्ठावीस. दीड महिन्यापूर्वी सकाळी चूळ भरताना पाणी एकाच बाजूने सांडलं, तेव्हा कळलं म्हणे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फुगे फुगवायला सांगितले. कमी होईल म्हणाले. पूर्ण जाईल का, त्याची हमी देत नव्हते.

"त्यांना सांगितलं नाही?"

"नाय ताई." बोलताना तिचे प, ब, म घसरत होते. "फोनवर पन येत नाय मी. हे शुक्रवारी फोन करतात. अम्मा, सासू माझी, सांगतात, ती माहेरी गेलेय, नायतर झोपलेय. आता पत्रात लिवतात, फोटो पाठव. समोर बघनारा पाठव, माझ्याकडे बघतेस असं वाटलं पायजे."

"मग सांगून टाक ना सरळ. नवरा आहे तुझा."

"तुमी बघताय ना माझ्याकडे?" ती म्हणाली. "पहिल्यांदा बघितलंत तेव्हा तुमचं तोंड कसं झालं, मी बघितलं. तसं त्यांचं झालेलं मला बघायचं नाय. मला ते जमनार नाय, ताई. घरी येतील तोवर बरं होईल. तोवर एक फोटो द्या. बास."

माझं तोंड तसं झालंच होतं.

बाजूने फोटो काढला असता तर सोपं होतं, उजवी बाजू उजेडात, डावी अंधारात. पण त्याला समोर बघणारा हवा होता. मी तिला समोर बसवलं, सरळ, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड. 'कच्चा काढतेय, काम नंतर करीन,' असं सांगितलं तेव्हा, हे असलं तोंड फोटोत उमटणार म्हणून ती वैतागली. तिची उजवी भुवई चढली आणि मी बटण दाबलं.

मग मी जे केलं त्याचा मला त्या वेळी केवढा गर्व! एक कच्ची प्रत छापून पाकिटात ठेवली. मग निगेटिव्ह एकदा सुलटी छापली, एकदा उलटी करून. दोन्ही फोटो ब्लेडने नाकाच्या मधोमध उभे कापले. चांगला उजवा अर्धा घेतला, आणि त्याचंच उलट रूप डावीकडे चिकटवलं. मधली रेघ ब्रशने बुजवली. ओठाजवळचा तीळ आता दोन ठिकाणी आला होता, त्यातला एक पुसला. नाकातली चमकी डावीकडे असते, ती उजव्या बाजूत नव्हतीच, म्हणून हाताने काढली. दोन्ही भुवया चढलेल्या दिसत होत्या, त्या थोड्या उतरवल्या. मग त्या सगळ्याचा पुन्हा फोटो काढला. चार दिवस गेले. आमच्या ह्यांना भिंगातून बघायला लावलं, सांध सापडली नाही. गिरगावातल्या आमच्या मास्तरांनी पाठ थोपटली असती असं काम झालं होतं.

हे करताना मला एक गोष्ट माहीत होती, आणि ती मी मुद्दाम विसरले. कुणाच्याच चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. एक डोळा बारीक असतो, एक गाल जरा भरलेला असतो. आम्हा रिटचिंगवाल्यांना हे पहिल्या वर्षी शिकवतात.

जुबेदाने फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. "सुंदर आहे ही," म्हणाली.

'ही' म्हणाली ती. मी स्वतःवर इतकी खूश होते की ते माझ्या कानात शिरलंच नाही. जाताना तिने माझा हात धरला. "ताई, कुनाला सांगायचं नाय. शपथ घ्या." मी घेतली. नाहीतरी रिटचिंगमधलं गुपित बाहेर सांगायचं नाही हा आमचा नियमच.

पाठीमागे स्टुडिओचा शिक्का मारलेला तो फोटो मस्कतला गेला.

महिना-सव्वा महिना झाला असेल. सकाळी मी नुकतं शटर वर केलं होतं, पाणी मारत होते. समोर टॅक्सी थांबली. टपावर मोठी सूटकेस, तिला विमानाची चिठ्ठी अजून लोंबत होती. एक उंच माणूस उतरला, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. त्याने खिशातून फोटो काढून उलटा केला, शिक्का वाचला, माझ्या पाटीकडे बघितलं.

"हा फोटो तुम्ही काढलात?"

माझ्या हातातली बादली खाली टेकली. "हो."

"ही बाई तुमच्याकडे आली होती?"

"आली होती."

"चालत आली होती?"

मला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे?"

"म्हणजे जिवंत होती का?"

त्याला आत बसवलं, पाणी दिलं. त्याने पेला हातात धरला, प्यायला नाही. हाच इक्बाल.

"घरी नाही गेलो अजून," तो म्हणाला. "एअरपोर्टवरून सरळ इथे. घरी खरं सांगणार नाहीत. तीन महिने झाले, आवाज नाही ऐकला तिचा. कधी झोपलेय, कधी माहेरी. आमच्या रूमवर एक केरळचा माणूस आहे. त्याची आई गेली, सहा महिने घरच्यांनी कळू दिलं नाही, काँट्रॅक्ट सोडून येईल म्हणून. मधे त्याला आईचा फोटो पाठवला. असाच होता. असा चिकणा, गुळगुळीत. तो मला म्हणाला, इक्बाल, हा फोटो बनवलेला आहे, तू घरी जा."

"अहो, पण फोन करून विचारायचं..."

"विचारलं ना. अम्मा रडायला लागली. मग काय समजायचं?" त्याने फोटो टेबलावर ठेवला. "आठ दिवस हा उशाशी घेऊन झोपलो मी. रडायला पण येत नव्हतं. ही कोण आहे तेच कळत नव्हतं, तर रडणार कोणासाठी? साहेबाला सांगितलं, जातो. तो म्हणाला, गेलास तर परत येऊ नकोस. आलो."

माझ्या त्या गर्वाच्या कामाने एका माणसाला आठ दिवस जिवंत बायकोचा रंडका करून ठेवलं होतं. त्याची नोकरी घालवली होती. आणि शपथ घेतलेली होतीच. मी तोंडाने म्हटलं, "अहो, ती ठणठणीत आहे, घरी आहे," तर त्याने मान हलवली. अम्माही तेच सांगत होती ना. माझ्यावर तो का विश्वास ठेवील? असला फोटो करून देणारी बाई मी.

एकच गोष्ट होती दाखवायला. ती दाखवली तर जुबेदाला जे जन्मात बघायचं नव्हतं, ते त्याच्या तोंडावर इथे, माझ्यासमोर उमटणार. निगेटिव्हची पाकिटं ठेवायची एक पत्र्याची पेटी होती, मी तिच्यासमोर उभी राहिले. हात पुढे होईना. मग वाटलं, अगं, तो माणूस बायको मेली असं धरून बसलाय. जुबेदाचं पाकीट काढलं आणि त्यातला कच्चा फोटो त्याच्या हातात दिला. वाकडं तोंड, उघडा डोळा, सगळं.

तो उठून दाराशी उजेडात गेला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. सांगते ना, चेहरे बघणं हाच माझा धंदा. कुणी दचकलं तर आधी पापणी हलते, मग मान मागे जाते. मी त्या पापणीची वाट बघत होते.

हललीच नाही. त्याचं तोंड उघडं राहिलं आणि तो हसायला लागला.

"हीच!" तो ओरडला. "हीच, हीच ती! बघा, बघा ना, ही भुवई. मी उशिरा आलो ना घरी, की हीच चढते. उजवी. डावी कधीच नाही. तुम्ही दोन्ही चढवल्यात त्या फोटोत!" आणि तो माझ्या फोटो काढायच्या स्टुलावर धपकन बसला. एवढा मोठा माणूस, आता ढसाढसा रडत होता. टॅक्सीवाला आत डोकावून गेला.

पाच मिनिटं तरी झाली असतील. मग त्याने डोळे पुसले आणि फोटोतल्या डाव्या गालाला अंगठा लावला. जणू आत्ता दिसलं त्याला.

"हे काय झालं?"

"वारं गेलं तोंडावरून."

"दुखतं?"

"नाही."

"जेवते नीट?"

"एका बाजूने चावते. जेवते."

"मग बरं," तो म्हणाला.

मला वाटतं मी आजवर कशाहीपुढे इतकी थक्क होऊन उभी राहिलेली नाही. लोकांना चांगलं दिसायला शिकवण्यात माझं आयुष्य चाललेलं. हनुवटी इकडे, दिवा तिकडे. आणि हा माणूस भुवईवरून बायको ओळखत होता. गालाशी त्याला काही देणंघेणंच नव्हतं. माझी सगळी विद्या मला त्या दिवशी फार लहान वाटली. वाईट वाटलं, आणि खरं सांगू, बरंही वाटलं.

तो कच्चा फोटो त्याने खिशात घातला. मी म्हटलं, "अहो, त्याच्या कडाही कापलेल्या नाहीत." तो म्हणाला, "राहू द्या." माझा तो चार दिवसांचा फोटो टेबलावरच राहिला, मी हाक मारली तरी मागे वळून बघितलं नाही. टॅक्सी वाशीकडे गेली.

दोन दिवस मी धास्तावलेली. काय झालं असेल? शपथ मोडली, आता ती पोरगी माझं तोंड बघणार नाही. आमचे हे म्हणाले, "जाऊन ये त्यांच्याकडे." माझी छाती झाली नाही.

तिसऱ्या दिवशी जुबेदा आली. दार ढकललं, कडी लावायला सांगितलं नाही. ओढणी डोक्यावर होती, गालावर नव्हती. बाहेर दोन गिऱ्हाइकं बसलेली, त्यांच्यासमोरून ती तशीच आत आली आणि माझ्यावर कडाडली.

"तुमी दाखवलात ना त्यांना? शपथ घेतलेली ना?"

"दाखवला," मी म्हटलं. "चुकलं माझं. तो दुसरा फोटो बनवला तेही चुकलं. काय बोलायचं ते बोल."

ती स्टुलावर बसली. उजवी भुवई चढलेलीच होती.

"दार वाजलं," ती हळूच सांगायला लागली. "मला वाटलं दूधवाला. उघडलं तर हे. मी मागे पळाले, ओढनी घेतली तोंडावर, भिंतीकडे वळून उभी राहिले. अम्मा रडतायत, मी रडतेय. म्हटलं आता बघतील, आता बघतील आणि ते तसलं तोंड करतील. तर हे काय म्हनाले ठाऊक आहे?"

"काय?"

"म्हनाले, 'ती ओढनी काढ, मी बघून आलोय. चहा कर.'"

मी विचारलं, "केलास?"

"केला. लक्ष कुठे होतं माझं, साखरेच्या जागी मीठ पडलं." ती हसली, ओठाचा एकच कोपरा वर गेला. "सगळा प्यायले, ताई."